पाचेक

येळाखेडीच्या जिनिंगमागचं घर मोजायला
मी टेप घेऊन गेले, पंचायतीच्या कामानं.
लांबी, रुंदी, छप्पर कवेलूचं,
नमुना आठमध्ये एवढंच लागतं.
घराचं नाव सारं गाव एकच सांगतं,
पाचेक बंगला.

कोणी म्हणे, खोल्या पाचेक असतील.
मी मोजल्या. सात.
कोणी म्हणे, पाचेक हजारात बांधला.
नव्वदीचा झिंगरू मेश्राम तेवढा हसला, दातांवाचून.
"बाई, थे साहेबाचं आडनाव होतं.
श्पाचेक.
आमच्या तोंडात श टिकला नाई."

चेक मुलुखातला इंजिनचा माणूस, यारोमीर,
बॉयलर बसवायला आला, दोन वर्षांच्या करारावर.
सोबत लुडमिला, पोरी दोन, ब्लांका आणि झ्देन्का,
आणि घराचा नकाशा.
छप्पर असं उभं की माकड घसरावं.
गवंडी म्हणाला, "एवढा उतार काऊन, साहेब?"
साहेब म्हणाला, बर्फासाठी.
वैशाख होता, विटा हाताला चटके देत होत्या.
गवंड्यानं उतार तसाच ठेवला.
पाहुण्याच्या देवाला कोण नाही म्हणतं.

लुडमिलासोबत पाट्यावर गुणाबाई बसायची.
दोघींत मिळून शब्द तीन:
खसखस, मीठ आणि बस्स.

डिसेंबरात साहेबाला जिवंत मासा पाहिजे होता, सणाचा.
आधी न्हाणीच्या टबात ठेवायचा, मग कापायचा,
अशी त्यांच्याकडची रीत.
झिंगरूचा बाप नदीतून रोहू घेऊन
तीन कोस धावत आला, पोतं ओलं ठेवत.
पोरींनी दोन दिवसांत माशाला नाव दिलं.
नाव दिलेलं जनावर कापता येत नाही,
हे आमच्यातही असंच आहे.
रोहू विहिरीत सोडला.
सणाला पिठलं झालं.

मग एका मार्चात स्टेशनवरच्या तारबाबूनं सांगितलं,
साहेबाचा देश नकाशावर उरला नाही.
करार संपत आला होता. गाव होतं, वाट नव्हती.
उलट तिकडूनच आणखी एक बिऱ्हाड आलं,
दोलेझाल नवराबायको, शिलाई मशीन, तान्हं पोर.
सात खोल्यांत दोन चुली.
दोलेझाल रात्री व्हरांड्यात घड्याळं उघडून बसायचा.
गावातली बंद पडलेली सगळी त्यानं चालती केली.
स्वतःचं तेवढं साडेचार तास मागं ठेवलं.

यारोमीरची आई मात्र निघालीच नाही.
बोटीचं तिकीट काढून पाठवलं होतं.
उगवतीच्या खोलीत तिच्यासाठी पलंग,
पितळी तांब्या, उशीत इथला कापूस.
दर दिवाळीनंतर उशीतला कापूस बदलायचे.
पाकिटं परत यायची, न उघडलेली,
शिक्क्यांवर शिक्के.

झिंगरू सांगतो,
घरात माणसं किती, असं कोणी विचारलं
की साहेब स्वतःचीच बोटं धरायचा.
चार.
मग अंगठा थोडा उघडायचा.
पुरता नाही.

सेहेचाळीसात सगळे गेले.
कुठं, ते दोघं सारखं सांगत नाहीत.
दोलेझालचं पोर, तेव्हा सातेक वर्षांचं,
खासरात बसून ओरडत होतं, "मी नाई जात बे!"
इतकं झिंगरूला पक्कं आठवतं.
पुढं गोदाम, मग बालवाडी, मग वटवाघळं.

मी विहिरीत डोकावले.
पाणी हललं. बेडूक असेल.

फॉर्मात एक रकाना आहे, राहणाऱ्यांची संख्या.
कॉम्प्युटरला अक्षरं चालत नाहीत, आकडाच लागतो.
मी शून्य लिहून घेतलं.
झिंगरू म्हणाला, "टॅक्स किती बसन, बाई?"
म्हटलं, पाहते.

निघताना वर बघितलं.
जिनिंगचा पांढरा भुरा छपरावर येऊन पडत होता
आणि टिकत नव्हता,
घसरत पन्हळीत जात होता.
टेप गुंडाळलेला तो मी पुन्हा सोडला नाही.
उतार मोजायचा रकाना
नमुना आठमध्ये नाही.